क्लिफ्टनचा जबाब

बसच्या वरच्या मजल्यावर, मागच्या बाकावरून, स्नेहलला स्वतःचा आवाज ऐकू आला. शाळेच्या गणवेशातल्या काही मुली मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून बसल्या होत्या. लंडनमधल्या हाउन्सलोच्या सकाळच्या बसमध्ये हे रोजचंच. कुणी तक्रार करत नाही, सगळे खिडकीबाहेर बघत राहतात. तीही बघत राहिली. मग त्या टिनपाट आवाजातून एक बाई कडाडली, 'खणा रे खणा, ज्युबिलीचा खड्डा खणा.' मूळ शब्द जमैकन वळणाच्या इंग्रजीतले, पण तिच्या डोक्यात ते पहिल्यापासून मराठीतही वाजत आलेले. 'ज्युबिली मेला, माती लोटा, वर नाव लिहू नका.' ती बाई म्हणजे ती स्वतःच, पाच वर्षांपूर्वीची, लेडी ब्लू म्हणून मिरवणारी. आणि ज्युबिली या स्पीकरांच्या ताफ्याचा मालक क्लिफ्टन आता लेस्टरमध्ये खरोखरच वारला होता. त्याच्या मुलीचा, मार्शाचा, निरोप कालपासून फोनमध्ये पडून होता : डॅड गेला, पुढच्या शुक्रवारी दफन, खड्ड्याशी ब्लूनंच गायचं असं सांगून गेलाय, फोन कर. तिनं फोन केला नव्हता. मागची एक मुलगी म्हणाली, "कोण आहे ही? डेंजर आहे!" दुसरी म्हणाली, "जुनं काहीतरी आहे, माझ्या भावाकडचं," आणि तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. स्नेहलनं घंटी दाबली, जिना उतरली आणि भलत्याच थांब्यावर बाहेर पडली.

ड्यूटीला उशीर होणार हे कळत होतं, तरी ती चालतच निघाली. या रस्त्यावर विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजता यावीत, आणि ती गेल्यावर जी क्षणभर शांतता पसरते तिच्यात माणसाला आपलाच श्वास नकोसा होतो. तिनं ओठ मिटून एक सूर धरून पाहिला. निघाला तो नुसता वारा. घसा दुखत नव्हता, खवखवत नव्हता. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं होतं आणि सगळं ठणठणीत आहे म्हणून तिला घरी पाठवलं होतं. दुखणं असतं तर बरं झालं असतं, निदान लोकांना सांगता आलं असतं. लोक विचारायचे, का सोडलंस गं गाणं, आणि ती म्हणायची, नवी पोरं आली, नवा ठेका आला, कुणाला हवीय आता लेडी ब्लू. ते खोटंही नव्हतं. पण खरं काय, ते एका टेबलाच्या कडेवर राहिलं होतं. ते टेबल आठवलं की तिला चालता चालता हात कुठं ठेवावेत तेच कळेना.

लहानपणी लेस्टरला स्नेहलच्या घराला लागूनच जमैकाच्या क्लिफ्टनचं घर. वडील सुभाष होजिअरीच्या गिरणीत, क्लिफ्टन बसच्या डेपोत. पण क्लिफ्टनचा खरा जीव होता गॅरेजमध्ये, जिथं तो प्लायवुड कापून कपाटाएवढे स्पीकर बनवायचा. अशा स्पीकरांचा, तबकड्यांचा, माइकचा आणि चार टवाळ मित्रांचा मिळून जो संसार होतो त्याला त्याची माणसं 'साउंड' म्हणतात. क्लिफ्टनच्या साउंडचं नाव ज्युबिली. त्यानं पहिल्यांदा तो लावला त्या रविवारी स्नेहलच्या आईच्या, चंदाबाईंच्या, मांडणीवरची भांडी थडथडली आणि एक पितळी डबा खाली आला. चंदाबाई तशाच कणकेच्या हातांनी भांडायला गेल्या. आठ वर्षांची स्नेहल मागोमाग. इंग्रजीचा आनंदच होता, म्हणून आईनं डबाच पुढं धरला. क्लिफ्टननं डब्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि तिचा हात धरून स्पीकरच्या जाळीवर ठेवला. आई थांबली. नागपूरला लग्नाआधी ती गायन पार्टीत गायची, बाबासाहेबांची गाणी, वस्त्यावस्त्यांतून, ढोलकीवर. समोर दुसरी पार्टी, सवाल-जबाब, आयाबाया पोरं काखेत घेऊन उभ्या. लेस्टरला आल्यावर ती फक्त भांडी घासताना गुणगुणायची. त्या दिवशी तिनं डबा खाली ठेवला, क्लिफ्टनच्या माइकसमोर उभी राहिली आणि गायली. सबंध गल्ली दारात आली. पुढं दर वर्षी चौदा एप्रिलला जयंतीच्या हॉलमध्ये ज्युबिलीचेच स्पीकर लागायचे, आणि समितीचे प्रबुद्धकाका दर वर्षी क्लिफ्टनला शाल घालायचे. क्लिफ्टन ती बाकी वर्षभर तबकड्यांवर पांघरायचा, धूळ बसू नये म्हणून.

त्याच माइकवर स्नेहल शिकली. आईकडून तिनं घेतलं ते समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर पाय ठेवून उठणं. क्लिफ्टनकडून घेतलं थांबणं. "ठेक्याला धावू दे, तू चाल," तो म्हणायचा. तेरा-चौदा वर्षांची असताना तरुणांच्या क्लबात तिनं एका तोंडाळ मुलाला त्याच्याच यमकात असं गुंडाळलं, की हॉलमधल्यांनी तळहातांनी भिंती बडवल्या. या मंडळींत टाळ्या वाजवत नाहीत, भिंती बडवतात. गाणं फारच लागलं तर 'पुल अप' म्हणून ओरडतात, म्हणजे तबकडी थांबवायची आणि पहिल्यापासून लावायची. पहिली भिंत वाजली तेव्हा अंगावर जे आलं त्याची तिला चटक लागली. नाव घ्यायचं म्हटल्यावर तिनं निळा रंग घेतला. का, ते लोकांनी विचारलं तर ती हसायची, आणि घरी कुणी विचारलंच नाही. मग ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, एकदा टोरांटो. एक गाणं खूप वाजलं, दोन बरी वाजली, बाकीची कुणाला आठवत नाहीत. इंडियन मुलगी जमैकन गाते म्हणून लोक आधी हसायला यायचे आणि घाम पुसत परत जायचे. प्रबुद्धकाका म्हणायचे, "पोरीनं नाव काढलं बुवा, कुठं काढलं ते विचारू नका." आई मात्र एकाही कार्यक्रमाला आली नाही. स्नेहल रागावली तर म्हणायची, "मी आली तर तू मले पाहून गाशील. समोरच्याले पाहून गायचं असते." त्या वयात तिला ते निमित्त वाटलं होतं.

आणि मग ते डब. डब म्हणजे एखाद्या साउंडनं गायकाकडून खास स्वतःसाठी म्हणवून घेतलेलं गाणं. त्यात आपल्या साउंडचं नाव, आपली बढाई, आणि दोन साउंडांच्या सामन्यात समोर जो येणार असेल त्याला शब्दांनी जिवंत गाडणं. कुणी मनावर घेत नाही. आज ज्याला गाडलं त्याच्याचकडं उद्या जेवायला जायचं, हा रिवाज. ऑगस्टमध्ये कार्निव्हलच्या रविवारी ज्युबिलीसमोर डर्बीचा थंडरस्टोन नावाचा साउंड उभा राहणार होता, आणि त्याचा मालक डेंझिल स्नेहलकडं आला : ज्युबिलीला गाड. तिनं दोन दिवस टाळलं. मग क्लिफ्टनलाच जाऊन विचारलं. तो गॅरेजमध्ये वायरी जोडत होता. मान वर न करता म्हणाला, "मला गाडायला सांगितलंय? मग नीट गाड, ब्लू. उथळ खड्डा खणून माझी इज्जत घालवू नकोस." ती हसली होती. तिनं खड्डा खोल खणला. जीव ओतून म्हटलं, आणि म्हणताना मजा आली, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. सामन्यात डेंझिलनं ते अगदी शेवटी काढलं. हॉल फुटला. भोंगे, शिट्ट्या, भिंती. आता क्लिफ्टननं उत्तर द्यायचं. त्याच्याकडं तिच्या डबची पेटी भरलेली होती, पण सगळी बढाईची, एकातही कुणाला गाडलेलं नव्हतं. ते त्यानं तिच्याकडून कधी म्हणवूनच घेतलं नव्हतं. तो पेटीत बोटं फिरवत राहिला. मग थांबला. माइक उचलला, आणि टेबलाच्या कडेवर, तिच्या बाजूला, ठेवला. ती चार हातांवर उभी होती. पुढं होऊन माइक घेतला असता तर जागच्या जागी उत्तर देता आलं असतं. स्वतःलाच उलटं गाडता आलं असतं. सबंध हॉल खुळा झाला असता. पण डेंझिलसाठी गाऊन पुन्हा क्लिफ्टनकडून उभं राहायचं? लोक म्हणतील, दोन्ही डगरींवर पाय. ती डगरींचा विचार करत राहिली आणि डेंझिलच्या माणसांनी पुढची तबकडी लावली. क्लिफ्टन हरला, हसला, डेंझिलला मिठी मारली, तिला म्हणाला, "खोल होता गं." नंतर त्यानं साउंड कधी लावला नाही. गुडघे गेले, डेपोनं लवकर मोकळं केलं, कारणं होतीच. स्नेहललाही पुढं शब्द सुचेनात. तिनं त्याला कधी विचारलं नाही, माइक माझ्यासाठी ठेवला होतास का. वडील गेले तेव्हा तो खांदा द्यायला आला होता, तेव्हा विचारता आलं असतं. तेव्हाही तिनं फक्त चहा विचारला.

विमानतळावर ती पोचली तेव्हा तिच्या गेटवरची रांग आत जात होती. इथं तिचं काम म्हणजे न आलेल्या प्रवाशांची नावं माइकवर पुकारणं. नावं ती फार छान घेते असा लौकिक होता. पोलिश, पंजाबी, नायजेरियन, कुणाचंही नाव त्याच्या घरच्यासारखं. माणसं आपलं नाव ऐकून धावत यायची, धापा टाकत सॉरी म्हणायची, आणि तिला रोज थोडं बरं वाटायचं. आज तिनं बटण दाबलं, पडद्यावरचं नाव वाचलं आणि काहीच बाहेर आलं नाही. छताच्या सगळ्या स्पीकरांतून तिचा नुसता श्वास गेला. दूरच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्यानं वर बघितलं. शेजारच्या स्वातीनं माइक ओढून घेतला, नाव पुकारलं आणि मग म्हणाली, "अगं, काय झालं? घरी जा तू, मी सांगते मॅनेजरला. पांढरीफटक पडलीयस." स्नेहलला वाटलं हिला सांगावं, की मी एका माणसाला पाच वर्षांपूर्वी पुरलं आणि तो आता मेलाय. पण पुण्याहून नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या या गोड मुलीला ते कुठून सुरू करून सांगणार? ती घरी आली.

वडील गेल्यापासून स्नेहलकडंच राहणाऱ्या चंदाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या आणि जयंतीला म्हणायच्या गाण्याची ओळ घोळवत होत्या. सत्तरीतला आवाज, वरच्या सुराला आता भेगा पडलेला, पण ओळ सोडायची नाही. स्नेहल कोट न काढताच समोर बसली.

"आई, क्लिफ्टन अंकल गेला."

चंदाबाईंचे हात थांबले. "कधी वं?"

"मंडेला. मार्शाची मेसेज आला. मला ग्रेव्हसाइडला गायचं सांगितला त्यानं."

"मग गाय नं."

"आवाज नाही येत, आई. आज गेटवर पण नाही आली. अँड... आय बरीड हिम ऑलरेडी, यू नो? त्या डबमध्ये. आज बसमध्ये कुणीतरी लावलेला, अँड तो खरंच मेलाय." मग एवढी वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिनं सांगून टाकलं. क्लिफ्टननं दिलेली परवानगी, पेटीतली बोटं, टेबल, कड, माइक. सांगताना इंग्रजीच जास्त झालं, पण चंदाबाईंनी एकदाही 'काय म्हणते' असं विचारलं नाही. शेवटी स्नेहल म्हणाली, "तो माझ्यासाठी ठेवला होता का? मला ते एकच पाहिजे. जस्ट दॅट."

"मले काय माहीत? मी होती का तिथं?" चंदाबाईंनी एक काडी बाजूला टाकली. "तुझ्यासाठी ठेवला, का हात दुखला म्हणून ठेवला, आता कोणाले विचारशील? तो गेला नं ते घेऊन." स्नेहलला एकदम रडू आलं, आईच्या या कोरडेपणाचं. चंदाबाईंनी तिला रडू दिलं. मग जुडी बाजूला सारली. "एक आयक. कामठीले सामना होता. समोर वैजयंतीची पार्टी. मी सवाल टाकला, असा टाकला का सारी वस्ती उठून उभी. अन् वैजयंती उठली तं तिचा घसाच बसलेला. तोंड उघडते, आवाज नाही. मी तं खूश, म्हटलं जिंकली. आमच्या शायरांनी मले मागून चिमटा घेतला. म्हणे, जबाब नसलेला उष्टा सवाल घेऊन घरी जायचं नाही आपल्या पार्टीत. जाय, तिच्या बाजूले उभी राय अन् तिचा जबाब तूच दे."

"मग?"

"मग काय, दिला. मलेच शिव्या दिल्या, तिच्या नावानं, तिच्या ठसक्यात. खोल दिल्या. हात राखून नाही."

"अँड ती? शी फरगेव्ह यू?"

"ती काऊन माफ करन? चार वर्षं बोलली नाही माझ्यासंग. म्हणे, मले भीक घातली." चंदाबाई हसल्या, मग हसू पुसलं. "पण जबाब झाला होता. मले झोप लागली." त्यांनी मेथी पुन्हा पुढं ओढली. "शुक्रवारी मी बी येते. तुझ्या वडलाले खांदा दिला त्यानं."

लेस्टरच्या कबरस्तानात वारा बोचरा होता. जमैकन माणसं आपला खड्डा यंत्राला भरू देत नाहीत. शवपेटी खाली गेली, की पुरुष कोट काढतात आणि पाळीपाळीनं फावडी घेतात, आणि शेवटचं ढेकूळ पडेपर्यंत बायका गातात. मधे खंड पडायचा नाही. कबरस्तानाचे कामगार पिवळ्या जाकिटांत बाजूला उभे होते. चर्चच्या बायकांनी भजनं सुरू केली, दमदार, आणि माती पडू लागली. पहिल्या ढेकळांचा पेटीवर आवाज झाला. खालच्या पट्टीतला, पोकळ; क्लिफ्टनच्या पहिल्या स्पीकरांचा असाच होता. समोर डेंझिल उभा, चकचकीत काळ्या सुटात, फावडं घेऊन, डोळे सुजलेले. एक भजन झालं, दुसरं झालं. बायका दमल्या, सूर पडू लागला, आणि मार्शानं स्नेहलकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. तिनं तोंड उघडलं. वारा. तिला वाटलं पळत सुटावं, फाटकाबाहेर, बसनं, कुठंही. डेंझिलनं फावडं मातीत खुपसलं आणि तसंच धरून ठेवलं.

तेवढ्यात चर्चच्या एका जाड्या बाईच्या हातातली खंजिरी चंदाबाईंनी काढून घेतली. न विचारता. कोपर पोटाशी धरून त्यांनी अंगठ्यानं ती दोनदा बोलती केली, ऐकून पाहिली आणि कामठीचा ठेका धरला. स्नेहल त्यांच्याकडं बघू लागली तशी त्यांनी मान हलवली : मले नाही, समोर. स्नेहलनं समोर बघितलं. समोर अर्धा भरलेला खड्डा होता. ती चार पावलं चालली, खड्ड्याला वळसा घालून, पलीकडं, क्लिफ्टनच्या बाजूला, आणि तिथून जिथं मघाशी उभी होती त्या रिकाम्या जागेकडं तोंड करून उभी राहिली. ठेका धावत होता. तिनं त्याला धावू दिलं. मग क्लिफ्टनच्या त्या आळसट, लांबवलेल्या वळणात, तिच्या घशातून खरखरत पहिली ओळ आली, 'खणा रे खणा, लेडी ब्लूचा खड्डा खणा.'

चर्चच्या बाईनं छातीवर हात ठेवला. स्नेहल थांबली नाही. ज्युबिली उभा आहे, लेडी ब्लू मेली, ती म्हणाली. दोन घरी जेवली आणि उपाशी मेली. माइक होता हाताशी, जीभ होती खिशात. माती लोटा, वर नाव लिहू नका. आवाज फाटत होता, चिरत होता, वरच्या सुराला थेट आईसारखा भेगाळत होता, आणि ती हात राखत नव्हती. तिच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. शेवटच्या ओळीला ती अडली. मग डेंझिलच्या तोंडून हुंदका निघाला का हसू ते कळलं नाही, पण त्यानं फावडं उचललं आणि शेजारच्या फावड्यावर आपटलं. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. बडवायला भिंती नव्हत्या, म्हणून फावडी वाजली, लोखंडावर लोखंड, सबंध कबरस्तानभर, आणि पिवळ्या जाकिटांतले कामगार दचकून बघू लागले. मार्शा रडत ओरडली, "पुल अप!"

पहिल्यापासून म्हणायचं. स्नेहलनं श्वास घेतला, तो पुरेना. तिनं आईकडं पाहिलं. चंदाबाईंची खंजिरी थांबलेली नव्हती. त्यांनी खड्ड्यात एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता जरा खालून घे. बरीच माती बाकी आहे."